समोरची सिस्टिम बंद असेल तेव्हा काय? इंटिग्रेशनची पद्धत निवडण्याआधीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे तीन सिस्टिम आहेत: ग्राहकांच्या ऑर्डर घेणारी वेबसाइट, गोदामातला साठा सांभाळणारी पंधरा वर्षांची जुनी सिस्टिम आणि विकत घेतलेलं अकाउंटिंगचं पॅकेज. या तिन्ही एकमेकींशी जोडायच्या आहेत. टीममधल्या एकाला सगळीकडे रेस्ट एपीआय (एका सिस्टिमने दुसरीला थेट विचारायची सोय) हवेत, दुसरा म्हणतो काफ्का (निरोप साठवून पोचवणारं सॉफ्टवेअर) आणू, आणि जुनी सिस्टिम सांभाळणारे म्हणतात रोज रात्री एक फाइल पाठवली की झालं. यातलं काय निवडावं?

वीसेक वर्षं हेच काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की तिघंही बरोबर आहेत, फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी कामं आहेत. पद्धत सिस्टिमच्या जोडीसाठी ठरवली की फसायला होतं. ती एकेका देवाणघेवाणीसाठी ठरवावी लागते. वेबसाइट आणि गोदाम यांच्यातच बघा: साठा किती शिल्लक आहे हे विचारणं, नवी ऑर्डर कळवणं, माल निघाल्याची खबर परत येणं, ऑर्डर रद्द झाल्याचं सांगणं, वस्तूंची यादी अद्ययावत ठेवणं. ही पाच वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. म्हणून बैठकीत तंत्रज्ञानाचं नाव निघायच्या आधी एका कागदावर या सगळ्या देवाणघेवाणी लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. समोरची सिस्टिम बंद असेल तर इकडचं काम अडलं पाहिजे का? माहिती किती शिळी झालेली चालेल? आणि तोच निरोप दोनदा पोचला तर काय बिघडेल?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर प्रोग्रामरने एकट्याने द्यायचं नाही. धंदा चालवणाऱ्या माणसाला विचारा: गोदामाची सिस्टिम तासभर बंद आहे, ग्राहक पैसे भरायला तयार आहे, ऑर्डर घ्यायची की नाही? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘घ्यायची, गोदामाला नंतर कळवा.’ हे उत्तर आलं की ऑर्डर कळवण्याचं काम थेट एपीआय कॉलने करायचं नाही हे ठरलं. ते मेसेज म्हणून कुठेतरी सुरक्षित ठेवायचं आणि समोरची सिस्टिम उठली की पोचवायचं. याउलट कार्डाचे पैसे मंजूर झाले की नाही, हे ग्राहक स्क्रीनसमोर असतानाच कळायला हवं. तिथे थेट कॉलच लागतो, आणि समोरचा बंद असेल तर ‘आता व्यवहार होत नाही’ असं सांगणं हेच योग्य वागणं. अकाउंटिंग पॅकेजला दिवसभराची विक्री संध्याकाळी मिळाली तरी कोणाचं काही अडत नाही. तिथे फाइल उत्तम.

थेट कॉलची साखळी लांबत गेली की काय होतं, याचा हिशेब टीममध्ये एकदा फळ्यावर मांडा. एखादी सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते म्हटलं की ऐकायला छान वाटतं. त्याचा अर्थ वर्षाला सुमारे पावणेनऊ तास ती बंद असते. एक विनंती पूर्ण व्हायला अशा पाच सेवा एकाच वेळी चालू असाव्या लागत असतील आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे बंद पडत असतील, तर एकूण उपलब्धता ९९.५ टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद. प्रत्येक टीमने आपापलं वचन पाळलं तरीही. १९९४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पीटर डॉइच यांनी वितरित सिस्टिमबद्दलच्या गैरसमजांची एक यादी केली होती. तिच्यातला पहिलाच गैरसमज ‘नेटवर्क भरवशाचं असतं’ हा आहे, आणि दुसरा ‘निरोप जायला वेळ लागत नाही’ हा. नवी टीम थेट कॉलच्या बाजूने बोलते तेव्हा बहुतेक वेळा हेच दोन गैरसमज नकळत धरून चाललेली असते.

टाइमआउट म्हणजे नेमकं काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. तुम्ही कॉल केलात आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. याचे तीन अर्थ होऊ शकतात: विनंती पोचलीच नाही, पोचली पण काम फसलं, किंवा काम झालं आणि उत्तर वाटेत हरवलं. पाठवणाऱ्याच्या बाजूने हे तीन प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. मी हे महागात शिकलो. एका कंपनीसाठी मी ऑर्डर पुढे पाठवणारा जॉब लिहिला होता. टाइमआउट ३० सेकंदांचा, आणि उत्तर नाही आलं तर आणखी दोनदा प्रयत्न. महिनाअखेरीच्या गर्दीत समोरची सिस्टिम हळू झाली आणि तिला उत्तर द्यायला ४० सेकंद लागू लागले. ती काम पूर्ण करत होती, आम्ही ते फसलं असं समजत होतो, आणि तीच ऑर्डर पुन्हा पाठवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो ऑर्डर तीन-तीनदा नोंदलेल्या होत्या. गोदामातल्या लोकांनी त्यातला काही माल बांधूनही ठेवला होता. ते सगळं हाताने निस्तरायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत ज्यांनी पेट्या परत उघडल्या त्यांची यात काहीच चूक नव्हती. तेव्हापासून तिसरा प्रश्न, तोच निरोप दोनदा पोचला तर काय, मी कधीही सोडत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून बांधावा लागतो. पाठवणाऱ्याने पहिल्या प्रयत्नाच्या आधीच त्या विनंतीला एक अद्वितीय क्रमांक द्यायचा, तो ऑर्डरसोबत स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवायचा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच पाठवायचा. घेणाऱ्याने त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदताच येत नाही) असलेलं एक टेबल ठेवायचं. क्रमांकाची नोंद आणि प्रत्यक्ष काम, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. क्रमांक आधीच असेल तर काम परत न करता मागचंच उत्तर पाठवायचं. मी बऱ्याच ठिकाणी असं पाहिलं आहे की क्रमांक दर प्रयत्नाला नवा तयार होतो, कारण तो कॉल करणाऱ्या फंक्शनच्या आत बनवलेला असतो. मग सगळी मेहनत वाया. क्रमांक कुठे जन्माला येतो ते कोड रिव्ह्यूमध्ये मुद्दाम तपासा.

पुनर्प्रयत्न करतानाही संयम हवा. लगेच, सारख्या अंतराने आदळत राहिलं तर आजारी सिस्टिम उठूच शकत नाही. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट करा, एक, दोन, चार, आठ सेकंद असं, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येणार नाहीत. आणि पुनर्प्रयत्न एकाच थरात ठेवा. एकावर एक तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर एका क्लिकचे सर्वांत खालच्या सेवेवर २७ कॉल होतात.

आता फाइल. तिला जुनाट म्हणून हिणवलं जातं ते मला पटत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असण्याची गरज नाही, लाखो नोंदी एका दमात जातात, काल काय पाठवलं ते फाइल उघडून बघता येतं, आणि काही बिघडलं तर तीच फाइल परत चालवता येते. एवढे गुण असलेली दुसरी पद्धत शोधून सापडणार नाही. पण फाइल निष्काळजीपणे वापरली की ती गुपचूप माहिती गिळते. २०२० सालच्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले होते. प्रयोगशाळांकडून आलेल्या फायलींमधली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस नमुन्यात ओढली जात होती, आणि त्या नमुन्यात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी पडून गेल्या. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घ्यायला त्यामुळे उशीर झाला. फाइल पाठवणं हा इथला दोष नव्हता. किती नोंदी निघाल्या आणि किती पोचल्या याचा ताळा कोणी घेत नव्हतं, हा दोष होता.

म्हणून फाइल निवडलीत तर तिची शिस्त पूर्ण पाळा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदलायचं, नाहीतर समोरचा जॉब अर्धवट फाइल उचलतो. शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज द्यायची, आणि घेणाऱ्याने ती जुळल्याशिवाय एकही नोंद आत घ्यायची नाही. नावात चालू क्रमांक असावा, म्हणजे ११७ नंतर ११९ आली की मधली हरवली हे लगेच दिसतं. आणि त्या दिवशी एकही व्यवहार झाला नसेल तरी शून्य नोंदींची फाइल यायलाच हवी. हा नियम लोकांना बिनकामाचा वाटतो, पण तो नसेल तर ‘आज विक्री नव्हती’ आणि ‘आज जॉब चाललाच नाही’ यांतला फरक कळायला मार्ग उरत नाही. एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठरवून टाका आणि ते लेखी ठेवा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी फाइल) वापरत असाल तर पत्त्यातला स्वल्पविराम, मजकुरातली नवी ओळ आणि वस्तूच्या कोडमधली सुरुवातीची शून्यं, ही तीन ठिकाणं पहिल्याच दिवशी तपासा. मधेच कोणी ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून परत सेव्ह केली की ही शून्यं हमखास उडतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण जुनी सिस्टिम आहे म्हटल्यावर चौथी वाट कोणीतरी सुचवणारच: ‘गोदामाच्या डेटाबेसचा पासवर्ड आहे ना, थेट टेबलमधूनच वाचू.’ दोन दिवसांत काम होतं, म्हणून मोह मोठा असतो. पण टेबलांची रचना ही त्या सिस्टिमची घरातली व्यवस्था आहे. तुम्ही ती वाचू लागलात की त्यांना एका कॉलमचं नाव बदलायचं तरी तुमची परवानगी लागते, आणि बहुतेक वेळा तुम्ही वाचता हे त्यांना ठाऊकच नसतं. तुमची एखादी जड क्वेरी भर कामाच्या वेळी त्यांचा डेटाबेस दमवते. आणि लिहायला लागलात तर सगळ्यात वाईट, कारण ‘साठा शून्याखाली जाऊ नये’ यासारखे नियम पंधरा वर्षांच्या सिस्टिममध्ये बहुधा कोडमध्ये असतात, डेटाबेसमध्ये नाही. तुम्ही टेबलमध्ये थेट लिहिलंत की ते सगळे नियम ओलांडून गेलात. वाचण्यापुरती एक तडजोड मला मान्य आहे: गोदामाच्या टीमने स्वतः एक व्ह्यू (बाहेरच्यांना दाखवायच्या माहितीचं तयार टेबलसारखं रूप) बनवावा, तो बदलायची जबाबदारी त्यांची, आणि तुम्ही तो मूळ डेटाबेसच्या प्रतीवरून फक्त वाचावा. जुन्या सिस्टिमला एपीआय नसेल आणि तो लिहायला माणूसही नसेल, तेव्हा हाच मार्ग प्रामाणिक ठरतो. लिहिणं मात्र नाही. कधीच नाही.

मेसेजिंगकडे येऊ. इथे दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. रॅबिटएमक्यूसारख्या क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, साधारणपणे मेसेज कोणीतरी उचलतो, काम करतो, पोच देतो आणि मेसेज निघून जातो. टपालाच्या पेटीसारखं. काफ्का मुळात लिंक्डइनमध्ये तयार झाला आणि २०११ मध्ये मुक्त स्रोत म्हणून बाहेर आला. त्याची रचना वहीसारखी आहे: नोंदी एकाखाली एक लिहिल्या जातात, ठरलेल्या मुदतीपर्यंत तिथेच राहतात, आणि प्रत्येक वाचक आपण कुठल्या ओळीपर्यंत आलो याची खूण स्वतःच्या नावे ठेवतो. एकच घटना पाच-सहा वेगवेगळ्या सिस्टिमना हवी असेल, नंतर जोडल्या जाणाऱ्या सिस्टिमला मागच्या नोंदी वाचायच्या असतील, किंवा सेकंदाला हजारो घटना येत असतील, तर त्या वहीला तोड नाही. तीन सिस्टिम आणि दिवसाला काही हजार ऑर्डर यासाठी काफ्का उभा करणं, त्याची देखभाल शिकणं, रात्री-अपरात्री तो बिघडला तर उठून बघणं, हे ओझं मी तुमच्यावर टाकणार नाही. साधी क्यू पुरते. खरं सांगायचं तर डेटाबेसमधलं एक टेबल आणि दर काही सेकंदांनी ते बघणारा एक जॉब एवढ्यावरही तुमचं काम वर्षानुवर्षं चालेल.

ते टेबल तसंही लागणारच आहे, कारण मेसेजिंगमधली सर्वांत छुपी चूक त्याच्याशिवाय सुटत नाही. कोड असा लिहिलेला असतो: ऑर्डर डेटाबेसमध्ये सेव्ह करा, मग क्यूवर मेसेज टाका. या दोन ओळींच्या मध्ये सर्व्हर बंद पडला तर ऑर्डर आहे पण गोदामाला पत्ताच नाही. क्रम उलटा केला तर गोदामाने न झालेल्या ऑर्डरचा माल काढला. रोजच्या चाचणीत हे कधी दिसत नाही, वर्षातून चार-पाचदा घडतं आणि प्रत्येक वेळी गूढ वाटतं. उपाय असा: ऑर्डर ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायच्या निरोपांच्या’ टेबलमध्येही एक ओळ लिहा. याला आउटबॉक्स म्हणतात. एक वेगळा जॉब त्या ओळी उचलून क्यूवर टाकतो आणि पोच मिळाल्यावर खूण करतो. हा जॉब मेसेज टाकून खूण करण्याआधी बंद पडला तर तो मेसेज परत जाईल, म्हणून घेणाऱ्याकडे वर सांगितलेला क्रमांक तपासणं इथेही हवंच. ‘प्रत्येक मेसेज नेमका एकदाच पोचेल’ असं आश्वासन कोणी दिलं तर ते त्यांच्या हद्दीपुरतं खरं असतं. तुमच्या गोदामाच्या डेटाबेसपर्यंत ते आपोआप लागू होत नाही.

क्रमाचंही लक्षात ठेवा. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज ऑर्डरच्या मेसेजआधी पोचू शकतो. दोन कामगार प्रोसेस एकाच क्यूवरून मेसेज उचलत असतील तर हे हमखास होतं. काफ्कामध्ये क्रमाची हमी एका पार्टिशनपुरतीच (वहीच्या एका भागापुरतीच) असते, म्हणून मेसेज कुठल्या भागात जाणार हे ठरवणारी ‘की’ म्हणून ऑर्डर क्रमांकच द्यावा लागतो. कुठलीही पद्धत असली तरी मेसेजमध्ये त्या ऑर्डरचा आवृत्ती क्रमांक पाठवा. घेणाऱ्याकडे आधीच त्याहून नवी आवृत्ती असेल तर जुनी बाजूला ठेवता येते.

आणि जे मेसेज काही केल्या पचत नाहीत ते वेगळ्या क्यूमध्ये काढून ठेवतात, त्या क्यूला मालक हवा. अमुक व्यक्ती, रोज सकाळी, एवढं स्पष्ट. मी अशा क्यू उघडून पाहिल्या आहेत ज्यांत आठ-आठ महिन्यांचे मेसेज पडून होते. त्यातला प्रत्येक म्हणजे कोणाचं तरी न झालेलं काम.

एपीआयबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर तुमच्या टीमला आधीच पुरेसं माहीत असणार. रॉय फिल्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्टची मांडणी केली. आज ज्याला सर्रास रेस्ट म्हणतात ते बहुतेक एचटीटीपीवरून जेसन (माहिती मजकूर म्हणून लिहायचा एक नमुना) पाठवणं असतं, आणि तुमच्या कामाला तेवढं पुरे. जीआरपीसी ही थेट कॉलची आणखी एक पद्धत २०१५ मध्ये गूगलने खुली केली. दोन्ही बाजू तुमच्याच हातात असतील आणि कॉलची संख्या प्रचंड असेल तर ते चांगलं. ग्राफक्यूएल, म्हणजे हवी तेवढीच माहिती मागायची पद्धत, वेगवेगळ्या स्क्रीनना वेगवेगळी माहिती लागते तिथे शोभतं, दोन सिस्टिमच्या आपसातल्या व्यवहाराला त्याची गरज नाही. तुमचं अकाउंटिंग पॅकेज सोप (एक्सएमएलवर चालणारी जुनी एपीआय पद्धत) देत असेल तर मुकाट्याने सोप वापरा, ते बदलायला लावण्यात सहा महिने घालवू नका. लांब याद्या पान क्रमांकाने वाचू नका. वाचता वाचता मधे नवी नोंद आली की पुढचं पान सरकतं आणि एखादी नोंद दोनदा येते, एखादी गळते. ‘या नोंदीनंतरच्या द्या’ असं विचारता येणारा एपीआय मागा.

आता ज्या भागाला सगळ्यात कमी वेळ दिला जातो तो: अर्थ. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले होते, आणि ते घेणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन सेकंद आहेत असं धरून चाललं. फाइल पोचली, वाचली गेली, आकडे आकडेच होते. पाठवण्याच्या पद्धतीत काही चुकलं नव्हतं. दोन बाजूंनी एकाच आकड्याचा वेगळा अर्थ घेतला, आणि त्याने यान गेलं.

तुमच्या तीन सिस्टिममध्येही असे आकडे आहेत. ‘साठा’ म्हणजे काय? फळीवर प्रत्यक्ष असलेला माल, की त्यातून आधीच्या ऑर्डरसाठी राखून ठेवलेला वजा करून उरलेला? गोदामाला पहिला अर्थ अभिप्रेत असतो, वेबसाइटला दुसरा लागतो. ‘रक्कम’ करासह की कराविना? सवलत ओळीवर लावलेली की एकूण बिलावर, आणि पैशाच्या अपूर्णांकाचं पूर्णांकन कोणी, कुठे करायचं? ‘ऑर्डरची तारीख’ म्हणजे ग्राहकाने बटण दाबलं ती, की पैसे जमा झाले ती? ती कोणत्या टाइम झोनमध्ये? ‘नग’ म्हणजे एक वस्तू की बारा वस्तूंचा खोका? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात, पण माझ्या अनुभवात इंटिग्रेशनमधला निम्म्याहून अधिक वेळ इथेच जातो, फरक एवढाच की काही टीम तो आधी घालवतात आणि काही नंतर, ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर. गोदामातल्या आणि हिशेब बघणाऱ्या माणसांना समोरासमोर बसवून प्रत्येक फील्डचा अर्थ एका तक्त्यात लिहा, खऱ्या ऑर्डरची दहा उदाहरणं घेऊन. रकमा फ्लोटिंग पॉइंटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात) पाठवू नका, सर्वांत लहान नाण्याच्या एककात पूर्णांक म्हणून पाठवा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी एकाच जागतिक प्रमाणवेळेत.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: या माहितीचा मालक कोण? साठ्याचा मालक गोदाम, किमतीचा मालक वेबसाइट, बिल क्रमांकाचा मालक अकाउंटिंग, असं प्रत्येक फील्डला एकच नाव. ग्राहकाचा पत्ता दोन्हीकडे बदलता येतो आणि दोन्हीकडून एकमेकांना पाठवला जातो, अशी रचना कृपया करू नका. दोन्ही बाजूंनी एकाच मिनिटात बदल झाला की कोणाचा खरा हे ठरवणारा नियम कोणालाही पूर्ण समाधान देत नाही, आणि बदलाचा पडसाद इकडून तिकडे फिरत राहतो तो वेगळाच. बदल करायची जागा एकच, बाकीच्यांकडे प्रत.

जुन्या सिस्टिमचे संकेत वेबसाइटमध्ये झिरपू देऊ नका. तिच्यात ऑर्डरची स्थिती ‘७’ असेल आणि ‘७’ चा अर्थ ‘माल निघाला, पण ट्रक अजून गेटवर’ असेल, तर भाषांतर करणारा एक पातळ थर मध्ये ठेवा. ती सिस्टिम कधीतरी बदलली जाईल, तेव्हा फक्त तो थर नव्याने लिहावा लागेल. पण त्या थरात धंद्याचे नियम घालू नका. सगळ्या सिस्टिमना मध्यभागी जोडणारं एक केंद्र ठेवण्याची कल्पना २००० नंतरच्या दशकात फार चालली होती, आणि कल्पना म्हणून ती समजण्यासारखी आहे: दहा सिस्टिम एकमेकींना थेट जोडायच्या तर ४५ जोडण्या होतात, केंद्रातून फक्त दहा. अनेक ठिकाणी त्या केंद्रात सवलतीचे, मंजुरीचे, अपवादांचे नियम साचत गेले आणि शेवटी कोणताही बदल करायला त्या एकाच टीमच्या रांगेत उभं राहावं लागू लागलं. तुमच्या तीन सिस्टिमना तीन जोडण्या आहेत. केंद्राची गरज नाही.

टीमचाही विचार करा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवलं आहे की संस्था ज्या सिस्टिम घडवतात त्यांची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखी होते. गोदामाची टीम वर्षातून दोनदाच बदल सोडत असेल, तर ज्या रचनेला दर महिन्याला त्यांच्याकडून बदल लागतो ती कागदावर कितीही सुंदर असली तरी तुमच्याकडे चालणार नाही. म्हणूनच जुन्या सिस्टिमच्या जाणकारांचं म्हणणं गांभीर्याने घ्या. ते फाइल म्हणतात तेव्हा अनेकदा त्यांना असं सांगायचं असतं की ‘आम्हाला एवढंच पेलवेल’. त्याच कारणाने करारात फील्ड वाढवायला मुभा ठेवा, काढायला नको, आणि अनोळखी फील्ड दिसलं तर घेणाऱ्याने ते दुर्लक्षावं, अडू नये.

एका व्यवहारात तिन्ही सिस्टिम गुंततात तेव्हा ‘सगळं होईल किंवा काहीच होणार नाही’ अशी हमी मागायचा मोह होतो. विकतच्या पॅकेजसोबत ती बहुधा मिळत नाही. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये सागा नावाची जी कल्पना मांडली ती इथे कामाला येते: लांब व्यवहाराचे छोटे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्यासाठी तो उलटवणारी कृती आधीच लिहून ठेवायची. पैसे घेतले आणि माल नाही निघाला तर परतावा. तो परतावा नेमका कसा, कोण आणि किती वेळात करणार, हे कोडआधी ठरवा.

तर तुमच्यापुरतं सांगायचं झालं तर मी असं करेन. पैसे मंजूर करणं थेट कॉलने. ऑर्डर, रद्द करणं आणि माल निघाल्याची खबर आउटबॉक्स आणि साध्या क्यूने. पानावर दिसणारा साठा वेबसाइटने स्वतःकडे प्रत म्हणून ठेवावा, काही मिनिटं शिळा चालेल, आणि शेवटच्या काही नगांसाठी गोदामाचा नकार येऊ शकतो हे गृहीत धरून ग्राहकाला कळवण्याची सोय ठेवावी. वस्तूंची यादी आणि अकाउंटिंग रात्रीच्या फाइलने. आणि रोज रात्री एक ताळा: आज वेबसाइटवर किती ऑर्डर झाल्या, गोदामात किती नोंदल्या, अकाउंटिंगमध्ये किती रुजू झाल्या, संख्या आणि रक्कम दोन्ही. फरक असेल त्या ऑर्डरचे क्रमांक सकाळी एका माणसाच्या मेलमध्ये. हिशेब ठेवणारी माणसं शतकानुशतकं हेच करत आली आहेत. प्रत्येक लॉगमध्ये तोच ऑर्डर क्रमांक लिहिला असेल तर फरकाचं कारण मिनिटांत सापडतं.

सुरुवात एकाच देवाणघेवाणीपासून करा, ऑर्डर कळवण्यापासून. ती बांधून झाली की चाचणीच्या वातावरणात गोदामाची सिस्टिम भर दिवसा तासभर बंद करा आणि वेबसाइटवर ऑर्डर घेत राहा. मधेच मेसेज पाठवणारा जॉबही एकदा मारून टाका. मग सगळं चालू करा, दहा मिनिटं थांबा आणि दोन्हीकडच्या ऑर्डर मोजा. आकडे जुळले तर पुढची देवाणघेवाण हातात घ्या. नाही जुळले तर काय गळलं ते सांगा, मी त्यावर पुढे लिहीन.